इन्कॉग्निटोचा पडदा आणि बाबासाहेबांचे राहून गेलेले कलम



मागच्या जयंतीनंतरची गोष्ट आहे. आमच्या भागातल्या एका गावात मिरवणुकीचा रस्ता अडवला गेला. जातीवाचक शिवीगाळ झाली, एका पोराच्या डोक्यात दगड बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही गावात पोहोचलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "कुणी शूटिंग केलं का?" विशीतल्या एका मुलाने मान खाली घातली. त्याच्याकडे तीन-साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ होता. शिव्या देणाऱ्याचा चेहरा, आवाज, मागे जमलेली माणसे, सगळे त्यात होते. पण रात्री कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवले की पोलीस सगळ्यांचे मोबाईल घेणार आहेत, जुने मेसेज, सर्च केलेले, सगळे बाहेर काढतात. मुलगा घाबरला. त्याने फोन फॅक्टरी रिसेट केला. वर आम्हाला म्हणाला, "दादा, आता काय बघायचं ते मी इन्कॉग्निटोमध्येच बघतो. त्यातलं कुणाला सापडत नाही."

आजच्या अँड्रॉइड फोनमधला डेटा कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो. फॅक्टरी रिसेट केला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. त्यामुळे तो व्हिडिओ परत मिळाला नाही. पुढे आरोपीच्या वकिलाने कोर्टात सांगितले की जातीवाचक शब्द उच्चारल्याचा काहीच पुरावा नाही, साक्षीदार सगळे एकाच वस्तीतले आहेत. आम्हाला उत्तर देता आले नाही.

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याची भीती खरी आहे आणि ती कुठून येते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या एका रात्रीत त्याच्याकडून दोन चुका झाल्या. जे जपायचे ते त्याने पुसले, आणि जे लपत नाही ते लपते असे त्याने मानले. हीच दोन गृहीतके आज आपल्या बहुतेक तरुण कार्यकर्त्यांच्या मनात आहेत. म्हणून हा लेख.

पडदा कुणापासून लपवतो?

इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट ब्राउझिंग ही सोय काही आजची नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये ती २००५ साली आली, गुगल क्रोम २००८ मध्ये आला तो ती घेऊनच आला आणि २००९ पर्यंत फायरफॉक्स व इंटरनेट एक्सप्लोररनेही ती दिली. तिचे काम एवढेच की आपण ती खिडकी बंद केली की भेट दिलेल्या साइटची यादी, कुकीज आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती त्या फोनवर किंवा संगणकावर ठेवली जात नाही. डाउनलोड केलेली फाइल मात्र तिथेच राहते. बुकमार्कही राहतो.

म्हणजे हा पडदा त्याच उपकरणावर आपल्यानंतर बसणाऱ्या माणसापासून लपवतो. बाकी कुणापासून नाही. ज्या साइटवर आपण जातो तिला आपला आयपी ॲड्रेस दिसतो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कोणत्या साइटवर गेलो हे साधारणपणे कळते, पानावर नेमके काय वाचले हे बहुतेक वेळा कळत नाही एवढाच फरक. कॉलेजचे किंवा ऑफिसचे वायफाय असेल तर ते चालवणाऱ्यालाही तेवढे दिसू शकते. आणि त्या काळ्या खिडकीत आपण स्वतःच्या जीमेलने लॉगिन केले, तर आपणच आपले नाव सांगून आत गेलो.

गुगलवर याच प्रश्नावरून अमेरिकेत जून २०२० मध्ये खटला दाखल झाला. इन्कॉग्निटो वापरणाऱ्यांचाही माग कंपनी ठेवते, अशी तक्रार होती. एप्रिल २०२४ मध्ये तडजोडीचा मसुदा कोर्टासमोर आला. त्यात गुगलने जमा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे आणि लोकांना नीट सांगण्याचे मान्य केले. आता इन्कॉग्निटो उघडल्यावर गुगल स्वतःच लिहिते की यामुळे साइट तुमची माहिती कशी गोळा करतात यात फरक पडत नाही, आणि त्या यादीत गुगलही आहे. आपण ते न वाचताच पुढे जातो.

त्याच उपकरणावर तरी सगळे पुसले जाते का? तेही पूर्ण नाही. स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१० मध्येच तपासून दाखवले होते की ब्राउझर आणि त्याला जोडलेली एक्स्टेन्शन्स खुणा मागे ठेवतात. खिडकी उघडी असताना तिच्यातला मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत म्हणजे रॅममध्ये असतो. रॅम कमी पडली की संगणक त्यातला काही भाग हार्ड डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवतो. लॅपटॉप हायबरनेट केला तर रॅमची नक्कलच डिस्कवर जाते. फॉरेन्सिक तज्ज्ञ याच जागा तपासतात. दर वेळी काही सापडेलच असे नाही. पण "कुणालाच सापडत नाही" हे खोटे आहे.

मग ही सोय निरुपयोगी म्हणायची का? आम्हाला तसे वाटत नाही. खासगीपणाची चर्चा बहुधा अशी माणसे करतात ज्यांना स्वतंत्र खोली असते, खोलीला कडी असते आणि कडीच्या आत स्वतःचा लॅपटॉप असतो. आपल्या वस्तीत दहा बाय दहाच्या घरात सहा माणसे आणि त्यांच्यात एक फोन असतो. त्या फोनवर एखादी मुलगी विशेष विवाह कायदा, १९५४ बद्दल वाचत असते, कारण तिचे दुसऱ्या जातीतल्या मुलावर प्रेम आहे. एखादी बाई नवरा मारतो म्हणून मदत कुठे मिळेल हे शोधत असते. दुसऱ्याच्या घरी कामाला जाणारी आई मालकिणीच्या संगणकावर मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज उघडते. या बायांना भीती गुगलची नाही, आपल्यानंतर फोन हातात घेणाऱ्या भावाची, नवऱ्याची, मालकिणीची आहे. त्यांच्यासाठी हा पडदा मोलाचा आहे आणि तो कसा वापरावा, शेवटी सगळ्या खिडक्या बंद कशा कराव्यात, लॉगआउट कसे करावे, हे आपण त्यांना शिकवलेच पाहिजे.

पण एका खोलीच्या घरात आपण साडीचा आडोसा करतो, तो आडोसा म्हणजे भिंत नव्हे. घरातल्या माणसापासून तो झाकतो. घरमालक, कंपनी आणि सरकार यांच्यासमोर तो टिकत नाही. त्यांच्यासमोर कशाने टिकायचे, हा खरा प्रश्न आहे.

"लपवण्यासारखे नसेल तर भीती कशाची?"

हे वाक्य आपल्याला पोलीस ठाण्यात ऐकावे लागते, कॉलेजच्या प्राध्यापकाकडून ऐकावे लागते आणि अलीकडे आपल्याच काही शिकलेल्या बांधवांकडूनही ऐकावे लागते. त्याचे उत्तर भीमा कोरेगाव प्रकरणाने दिले आहे.

१७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी रोना विल्सन यांच्या दिल्लीतील घराची झडती घेतली आणि त्यांचा संगणक जप्त केला. त्यात सापडलेली पत्रे हा या प्रकरणातला मोठा आधार मानला गेला. पुढे बचाव पक्षाला त्या डिस्कची प्रत मिळाली आणि अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक संस्थेने ती तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अहवालात आर्सेनलने म्हटले की १३ जून २०१६ रोजी आलेल्या एका ईमेलमधून विल्सन यांच्या संगणकात नेटवायर नावाचा घातक प्रोग्राम शिरला. पुढचे सुमारे २२ महिने बाहेरचा माणूस तो संगणक दुरून हाताळत होता. त्यानेच एक लपवलेले फोल्डर तयार करून दहा पत्रे त्यात ठेवली. ही पत्रे त्या संगणकावर कधी उघडल्याची खूण नव्हती. ती लिहिण्यासाठी वापरलेली वर्डची आवृत्ती विल्सन यांच्या संगणकात नव्हतीच.

याच संस्थेने नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही असाच निष्कर्ष काढला. डिसेंबर २०२२ मध्ये फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबद्दलचा अहवाल आला. तोवर ते हयात नव्हते. ५ जुलै २०२१ रोजी, ८४ व्या वर्षी, ते कैदेत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात वारले होते.

एनआयएने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत, आणि त्यांच्या खरेखोटेपणावर खटल्यात निकाल लागलेला नाही. ते आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण आपली बाजू बळकट करण्यासाठी आपण अर्धे सत्य सांगू नये. पण एवढे तर आजच स्पष्ट आहे की संगणकात फाइल सापडली म्हणजे ती मालकानेच ठेवली असे होत नाही. तुम्ही काय लपवता एवढ्यावरच प्रश्न थांबत नाही. तुमच्या नकळत तिथे काय ठेवले गेले, हाही प्रश्न आहे. ज्याने काहीच लपवले नाही त्यालाही मग भीती आहे.

आता आपल्या मुलाच्या इन्कॉग्निटोकडे परत या. नेटवायरसारखा प्रोग्राम संगणकात शिरला की तो कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवू शकतो. तुम्ही साध्या खिडकीत लिहा की काळ्या खिडकीत, त्याला फरक पडत नाही. काही मित्र म्हणतात, व्हीपीएन घ्या, टॉर वापरा. जरूर शिका. ती उपयोगी साधने आहेत. पण एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्याचा निर्देश दिला आहे. आणि उपकरणच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर ही साधनेही वाचवत नाहीत. लपण्याच्या शर्यतीत ज्याच्याकडे पैसा आणि सत्ता आहे तोच पुढे राहणार. ती शर्यत आपली नाही.

फॉरेन्सिक हे शत्रू नव्हे

भीमा कोरेगावच्या या कहाणीत आपल्या लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. संगणकातल्या खुणा आरोपींविरुद्ध पुरावा म्हणून आल्या आणि त्याच संगणकातल्या खुणा वाचून दुसऱ्या तज्ज्ञांनी त्या पुराव्यावर प्रश्नचिन्ह उभे केले. हत्यार तेच आहे, फक्त ते दुसऱ्या बाजूनेही हातात घेता येते हे त्या अहवालांनी दाखवले. विल्सन यांनी घाबरून डिस्क पुसली असती तर ते कधीच कळले नसते.

डॉ. पायल तडवी आठवा. जळगाव जिल्ह्यातली ही आदिवासी डॉक्टर मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी ती गेली. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप कुटुंबाने केला. तिने लिहिलेली मूळ चिठ्ठी मिळाली नाही. पण तिच्या मोबाईलच्या न्यायवैद्यक तपासणीत त्या चिठ्ठीचे फोटो मिळाले, असे तपास यंत्रणेने आरोपपत्राच्या वेळी सांगितले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण कागद गेला तरी तिचे शब्द त्या फोनमध्ये राहिले. तो फोन कुणी रिसेट केला असता तर?

ॲट्रॉसिटीच्या बहुतेक खटल्यांत आपण कुठे हरतो? शिवी तोंडी दिली जाते. साक्षीदार फुटतात किंवा गाव सोडून जातात. एफआयआर उशिरा नोंदवली जाते. अशा वेळी आवाजाचे रेकॉर्डिंग, व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचा मेसेज, फोनचे लोकेशन हे फुटत नाहीत. त्यांना धमकी देता येत नाही. म्हणून डिजिटल फॉरेन्सिक हे शास्त्र जितके सरकारचे आहे तितकेच ते पीडिताचे आहे.

आणि ते शास्त्र नीट समजले तर आपल्याला परकेही वाटणार नाही. त्याचा पाया आहे हॅश व्हॅल्यू. एखाद्या फाइलवर किंवा संपूर्ण डिस्कवर ठरलेली गणिती प्रक्रिया केली की आकडे आणि अक्षरांची एक ठरावीक ओळ मिळते. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पार बदलते. जप्तीच्या दिवशी काढलेली ओळ आणि कोर्टात काढलेली ओळ जुळली, तर मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही असे म्हणता येते. जुळली नाही तर प्रश्न विचारायचा. साहेब म्हणाले म्हणून खरे, लॅबने सांगितले म्हणून खरे, असे इथे चालत नाही. आपण विहारात धम्मवंदना म्हणताना धम्माला एहिपस्सिको म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहून घ्या. पुराव्याच्या बाबतीत आपली मागणी नेमकी हीच असली पाहिजे. आरोपीलाही प्रत द्या, त्याच्या तज्ज्ञालाही पाहू द्या.

इथे आपल्या राज्याबद्दल एक प्रश्न विचारावा लागतो. महाराष्ट्रातल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गृह विभागाच्या अखत्यारीत आहेत. पोलीसही त्याच विभागाचे. तिथले तज्ज्ञ अप्रामाणिक आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण तपास करणारा आणि त्याचा पुरावा तपासणारा एकाच खात्याचे असू नयेत, हे तत्त्व म्हणून मान्य व्हायला काय हरकत आहे? वस्तीतल्या मुलाला अमेरिकेतली संस्था परवडणार नाही. त्याला स्वतंत्र लॅब इथेच मिळाली पाहिजे. ही मागणी आपल्या निवेदनांत आम्हाला कधी दिसत नाही.

बाबासाहेबांनी मागितलेले कलम

आता मूळ मुद्द्यावर येतो. सरकार दारात उभे राहून फोन मागते तेव्हा आपल्या बाजूने काय उभे असते?

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेच्या मूलभूत अधिकारांच्या उपसमितीसमोर ठेवले. शेतीच्या राष्ट्रीयीकरणासाठी आणि स्वतंत्र मतदारसंघांच्या मागणीसाठी आपण ते वाचतो. पण त्यात आणखी एक कलम होते. माणसांना स्वतःच्या देहाबाबत, घराबाबत, कागदपत्रांबाबत आणि चीजवस्तूंबाबत अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असा त्याचा आशय होता. ज्यांच्या घरात वाटेल तेव्हा घुसता येते, ज्यांची भांडीकुंडी वाटेल तेव्हा रस्त्यावर फेकता येतात, त्या समाजाच्या नेत्याने ते मागितले होते. ते केवळ अमेरिकेच्या संविधानाचे अनुकरण म्हणून मागितले नव्हते, असे आम्ही म्हणतो.

ते कलम मसुद्यात टिकले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करिमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती संविधान सभेत मांडली. बाबासाहेबांनी सांगितले की ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे, पण ती संविधानात आली तर कायदेमंडळाला तिला हात लावता येणार नाही, म्हणून दुरुस्ती स्वीकारायला आपण तयार आहोत. मतदानात मात्र ती फेटाळली गेली.

याचा परिणाम पुढे दिसला. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी म्हटले की झडतीविरुद्ध असा अधिकार आपल्या संविधानकारांनी दिलेलाच नाही, तो आपण ओढूनताणून आणू शकत नाही. त्या निकालाची सावली पुढे साठ वर्षांहून अधिक काळ खासगीपणाच्या हक्कावर पडून राहिली. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि त्या मुद्द्यापुरता १९५४ चा निकाल रद्द ठरवला. त्या निकालपत्रात हा सगळा इतिहास आहे, बाबासाहेबांच्या मसुद्यासह.

म्हणून खासगीपणा हा उच्चभ्रूंचा, इंग्रजी बोलणाऱ्यांचा विषय आहे असे जे म्हणतात, त्यांना आम्ही सांगतो की हा विषय बाबासाहेबांचा आहे. सत्तर वर्षांनी न्यायालय जिथे पोहोचले तिथे ते १९४७ मध्येच उभे होते. आणि म्हणूनच त्यांच्या लेकरांनी तो हक्क ब्राउझरच्या काळ्या खिडकीत शोधू नये. तो संविधानात शोधावा आणि पंचनाम्याच्या कागदावर मागावा.

कागदावर काय मागायचे?

जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. त्यांच्यावर आपले अनेक आक्षेप आहेत आणि ते योग्य आहेत. पण त्यात आपल्या कामाचे जे आहे ते वापरायला शिकले पाहिजे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करणे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे बंधनकारक आहे. फोन घेताना चित्रीकरण होत नसेल तर नम्रपणे, पण साक्षीदारांसमोर, ते मागा. पंचनाम्यात फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय क्रमांक, तो चालू होता की बंद, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड यांची नोंद हवी. मुद्देमाल तुमच्यासमोर सील व्हावा. हॅश व्हॅल्यू नोंदवावी आणि तिची प्रत मिळावी, असा लेखी अर्ज द्या. अर्ज घेतला नाही तर पोस्टाने पाठवा. आपले वकील पुढे याच कागदावर उभे राहतात. काम झाल्यावर फोन परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करता येतो, हेही बहुतेकांना माहीत नसते.

पासवर्ड सांगावा की नाही? संविधानाच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. बोटांचे ठसे देणे म्हणजे साक्ष नव्हे, असे मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ च्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी ठरवले. पासवर्ड हा ठशासारखा की डोक्यातल्या माहितीसारखा, यावर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळे म्हटले आहे. तेव्हा दमदाटीत निर्णय घेऊ नका. "मी वकिलांशी बोलून सांगतो," हे वाक्य पाठ करा.

पुरावा आपल्या बाजूचा असेल तर मूळ फाइल जिथे आहे तिथेच ठेवा. कापू नका, त्यावर गाणे किंवा नाव टाकू नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कुठे काढला याच्या नोंदी गळून जातात. म्हणून फॉरवर्ड केलेली प्रत हा मूळ पुरावा नव्हे. मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तारीख, वेळ, फोन कुणाचा हे वहीत लिहून ठेवा. कोर्टात अशी प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राबद्दल स्पष्ट केले की प्रत दिली तर ते बंधनकारक आहे. मूळ फोनच मालकाने कोर्टात आणून सिद्ध केला, तर त्याची गरज नाही. म्हणजे वस्तीतल्या मुलाचा तडा गेलेला फोन हा त्या खटल्यातला सगळ्यात मोलाचा कागद आहे. तो विकू नका, रिसेट करू नका. शिवाय चौकशी टाळण्यासाठी पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. न केलेल्या गुन्ह्याच्या भीतीने खरा गुन्हा आपल्या अंगावर घेऊ नका.

आणि रोजच्या वापरातली शिस्त ठेवा. अनोळखी ईमेलमधली फाइल उघडू नका, ओळखीच्या नावाने आली तरी आधी फोन करून विचारा. विल्सन यांना आलेला ईमेलही ओळखीच्याच खात्यावरून आलेला दिसत होता. फोन अपडेट ठेवा, स्क्रीन लॉक ठेवा, खात्यांना दुहेरी पडताळणी लावा.

आपल्याकडे बोट

शेवटी थोडे आपल्याबद्दल. जयंतीला डीजे, लायटिंग आणि बॅनरवर किती खर्च होतो हे आम्ही नव्याने सांगायला नको. त्या खर्चातला थोडा भाग वळवला तर तालुक्यातल्या प्रत्येक विहारात वर्षातून एक दिवसाचे शिबिर होऊ शकते. सकाळी एक वकील पंचनामा कसा वाचायचा ते शिकवेल, दुपारी आपल्यातलाच एखादा कॉम्प्युटर शिकलेला मुलगा हॅश कशी काढायची ते मोबाईलवर करून दाखवेल. आपली शेकडो पोरे पुण्यात, बंगळुरूत आयटी कंपन्यांत काम करतात. त्यांना आपण वर्गणी मागतो. त्यांच्याकडून कौशल्य कधी मागतो का?

डॉ. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीला, एनआयएसमोर हजर व्हावे लागले. जामिनावर ते तुरुंगाबाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी. या दोन तारखांच्या मध्ये अडीच वर्षांहून अधिक काळ आहे. एका विद्वानाला, ज्याच्यामागे देशातले चांगले वकील उभे होते, त्याला एवढा काळ लागला. ज्याच्यामागे कुणीच नाही त्या वस्तीतल्या मुलाचे काय होईल, याचा विचार आपणच करायचा आहे.

तो मुलगा आता आमच्या अभ्यासवर्गाला येतो. परवा त्याने विचारले, "दादा, मग मी काही डिलीटच करायचं नाही का?" आम्ही म्हणालो, तुझे खासगी आयुष्य तुझे आहे. ते कुणाला दाखवायचे, कुणाला नाही, हे ठरवायचा हक्क तुला आहे, तो बाबासाहेबांनी तुझ्यासाठी मागितला होता. पण समाजावर झालेल्या अन्यायाचा पुरावा तुझ्या फोनमध्ये असेल, तर तो तुझ्या एकट्याचा राहत नाही. तो आपल्या सगळ्यांचा असतो. तो जप. आणि भीती वाटली तर रात्री एकट्याने बटण दाबण्याआधी आम्हाला फोन कर.

जय भीम. जय संविधान.